बर्फ उपसायचा असतो

…साबणाचा फेस हो, दुसरं काय! नाताळ आला की इथे सिंगापुरात, आमच्या जुरोंग ईस्टला मॉलच्या वरून मशीन लावून फेस उडवतात, आणि खाली चारशे माणसं हात वर करून "स्नो, स्नो" करत नाचतात, एकतीस डिग्रीत, घामाने डबडबलेली, पोरांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या… आणि तुम्हाला सांगतो, या गर्दीत आमची ही काय करत होती? नाचत होती? फोटो काढत होती? नाव नको. चपलेने फेस बाजूला लोटत होती. एका कडेने, शिस्तीत, दोन माणसं शेजारून जातील एवढी वाट करत करत. शेवटी सिक्युरिटीवाला आला, "आंटी, नो नीड लाह, फाइव्ह मिनिट्स ऑल गॉन." ही त्याच्याकडे बघते आहे अशी, जणू त्याला काही कळतच नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बर्फ बघायचा नसतो, उपसायचा असतो."

ही म्हणजे विनीता. माझी बायको, तीस वर्षांची… म्हणजे लग्नाला तीस झाली. मी प्रबोध, बोटीवरचा चीफ इंजिनिअर, हल्ली किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं तपासतो, आणि या एकतीस डिसेंबरला रिटायर होतोय. रिटायर झाल्यावर काय करायचं ते माझं पक्कं ठरलेलं होतं. काही करायचं नाही. पंख्याखाली आरामखुर्ची, बाजूला ताक, संध्याकाळी खाली हॉकर सेंटरच्या टपरीवर जाऊन कॉफी, बस. माणसाने अजून काय मागावं, सांगा मला.

पण आमच्या घरात फावडं आहे.

हसू नका. इथे प्रत्येक फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक खोली असते, बॉम्ब शेल्टर, बॉम्ब पडले तर लपायला. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथे कांदे-बटाटे ठेवतात, सुटकेसा ठेवतात. आमच्या शेल्टरमध्ये बर्फ उपसायचं फावडं आहे. साधं नाही, ढकलायचं, लाल रंगाचं, दोन्ही हातांनी धरायच्या दांड्याचं, एक म्हैस आंघोळीला बसेल एवढ्या तोंडाचं. विषुववृत्तापासून दीड डिग्रीवर! आमची मुलगी जाई, एकोणीस वर्षांची, कांदे आणायला आत गेली की तिच्या पायाला ते लागतं आणि ती ओरडते, "मा, व्हाय वी स्टिल कीप धिस थिंग?" आणि विनीता स्वयंपाकघरातून शांतपणे सांगते, "राहू दे गं, लागतं कधीतरी." कधी? तुम्हीच सांगा, कधी लागणार?

तर मधे चार वर्षं कंपनीने मला जपानच्या अगदी उत्तरेला, होक्काइदोला, एका गोदीत ठेवलं होतं. घर मिळालं गावाबाहेर, शेतात. एक धान्याचं कोठार, दोन घरं, एकात मालकीण ओकुमुरा आजी एकट्या, दुसऱ्यात आम्ही तिघं. आजी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या, उंची विनीताच्या खांद्याएवढी, आणि पाठ कोठाराच्या तुळईसारखी ताठ. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, आपल्या दारातला बर्फ सकाळी सातच्या आत आपण काढायचा. मी म्हटलं, काढू की, त्यात काय. त्यात काय, असं मी म्हणालो होतो, लक्षात ठेवा.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात, आणि बर्फ दिवाळीच्या आधी. नरकचतुर्दशीला पहाटे दार उघडलं तर पायऱ्या गायब. अंगण गायब. विनीताच्या एका हातात सड्याची बादली, एका हातात रांगोळीचा डबा, आणि चेहरा असा की आता रडेल. परक्या मुलखातली पहिली दिवाळी, आजींना फराळाला बोलावलेलं, आणि रांगोळी घालायला हातभर जागा नाही. मी म्हटलं, "थांब. मी इंजिनिअर आहे." तिने मला थांबवायला हवं होतं. ती अजून म्हणते, थांबवायला हवं होतं. मी अभ्यंगाच्या पाण्याचं पातेलं उचललं, चांगलं उकळतं, आणि पायऱ्यांवर ओतलं. मग दुसरं. मग तिसरं. अहो, काय वितळला बर्फ! पाच मिनिटांत काळा दगड चकाकायला लागला. सत्तावीस हजार अश्वशक्तीची इंजिनं चालवलेला माणूस मी, माझ्यापुढे बर्फ म्हणजे काय. विनीता खूश. तिने ओल्या दगडावर कमळ काढलं, आठ पाकळ्यांचं, पणती ठेवली, आणि आम्ही आत जाऊन उटणं लावत बसलो.

बाहेर उणे सहा होतं.

वीस मिनिटांनी आजी आल्या. नवे बूट, अंगावर ठेवणीतला कोट, हातात मुळ्याच्या लोणच्याचा डबा, सणाचं म्हणून. आम्हाला आतून फक्त आवाज ऐकू आला. आधी "आरा", म्हणजे अगं बाई, एवढंच, अगदी हळू. मग डबा. मग आजी. बाहेर जाऊन बघतो तर पायऱ्यांवर बोटभर जाड काच, काचेत गोठलेलं कमळ, कमळावर आजी.

मनगट मोडलं हो. सहा आठवडे प्लास्टर. तुम्हाला सांगतो, आम्ही दवाखान्यात गेलो ना, चकल्यांचा डबा घेऊन, कुठल्या तोंडाने गेलो ते आमचं आम्हाला माहीत. आणि आजी काय करतात? पलंगावर उठून बसतात, प्लास्टरचा हात पोटाशी धरून वाकतात, आणि आमची माफी मागतात. तुमचं सणाचं चित्र माझ्या बुटाने बिघडलं म्हणून! विनीता तिथेच रडायला लागली. माझी मान खाली. बर्फ कसा वितळवायचा ते या माणसाला कुणी विचारलं होतं?

आजी घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी जागा झालो तर शेजारची जागा रिकामी. खिडकीतून पाहतो तर पुण्यात बालगंधर्वजवळ वाढलेली मुलगी, जिने थंडीत स्वेटरच्या वर कधी काही घातलं नव्हतं, ती माझा गोदीतला डांगरी सूट घालून आजींच्या दारातला बर्फ उपसते आहे. आमच्या नाही, आजींच्या. आणि आजी खिडकीत, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात काठी, काठीने काचेवर टकटक… "दामे!" म्हणजे चुकलं. विनीता बर्फ डावीकडे टाकते, टकटक, दामे. उजवीकडे टाकते, टकटक, दामे. पाठ वाकवून उचलते, टकटकटकटक. उचलायचा नाही, ढकलायचा. वाऱ्याकडे बघून टाकायचा. ओला झाला की जड होतो, म्हणून पडत असतानाच काढायचा, थांबण्याची वाट बघत बसायचं नाही. महिन्याभराने टकटक बंद झाली. विनीता त्या दिवशी घरात आली तेव्हा नाक लाल, हात सुजलेले, आणि चेहरा असा, जसा बोर्डात आल्यावर असतो. म्हणाली, "प्रबोध, मला जमलं. बर्फ बघायचा नसतो, उपसायचा असतो." तेव्हापासून हे सुरू.

आणि सरकारचं ऐका. पहाटे चारला सरकारी गाडी येते, दोन दिवे, मोठं पातं, रस्ता लख्ख साफ करते. आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ कुठे लोटते? तुमच्या फाटकात. कमरेएवढा बांध, दाबून दाबून दगड झालेला. रोज. तक्रार कुणाकडे करणार, गाडीवाला बिचारा टोपी काढून वाकून नमस्कार करतो आणि पुढच्याच्या फाटकात लोटतो.

छपराचं तर सांगूच नका. सांगतो. छपरावर बर्फ साठला की घर कण्हायला लागतं, खरंच, रात्री तुळया बोलतात. मग वर चढून तो खाली ढकलायचा. पहिल्यांदा मी चढलो तेव्हा विनीताने माझ्या कमरेला दोर बांधला, दोर आढ्यावरून पलीकडे टाकला, आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधून ती कोठाराच्या बाजूला उभी राहिली. मी इकडे घसरलो तर ती तिकडे वर जाणार, एवढं साधं यंत्र. मी वरून ओरडलो, "तुझं वजन पुरेल का?" ती खालून ओरडली, "चार वर्षं तुझ्या आईबरोबर काढलीत, पुरेल."

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास, मग रडगाणं कसलं? सुटलात ना? तेच तर. लग्नानंतरची पहिली एकोणीस वर्षं मी सहा महिने बोटीवर आणि तीन महिने घरी. घरी आलो की पाहुणा. चहात साखर किती, हे तिला दरवेळी नव्याने विचारावं लागायचं. त्या गावात गोदी पाचला सुटायची आणि साडेपाचला मी घरात. रोज. रोज हो! पहाटे अंधारात ती पुढे ढकलते, मी मागे कडा कापतो, आजी खिडकीत दिवा धरून, तिघांच्या तोंडातून वाफ. मग आजींच्या ओट्यावर लाल घेवड्याची गरम गोड पेज, विनीताचा उपमा, आणि जाई आजींच्या मांडीवर जपानीत बडबडणार. त्या चार हिवाळ्यांत मला माझी बायको पहिल्यांदा रोज भेटली. हे मी तिला कधी बोललो नाही. तुम्हालाच सांगतोय.

आणि मार्चमध्ये बर्फ उतरला तेव्हा पायरीवर काय निघालं असेल? कमळ. चार महिने बर्फाच्या खाली, जसंच्या तसं, आणि मधोमध आजींच्या बुटाची रेघ. आजी त्यापुढे उभ्या राहून इतक्या हसल्या की कोठाराच्या भिंतीला टेकल्या.

तर आता मुद्दा. दोन रविवारांपूर्वी विनीताने नेहमीप्रमाणे आजींना फोन लावला. आजी आता चौऱ्याऐंशीच्या. आम्ही गेल्यावर त्यांची वाट शेजारचा पुतण्या मशीनने काढायचा, तो यंदा शहरात गेला. आणि यंदा बर्फ असा की डिसेंबरातच खिडक्या बुजल्या. आजी म्हणाल्या, नव्या वर्षाला घर बंद करते, शहरातल्या वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. अगदी साध्या आवाजात, भाजी संपली म्हणावं तसं. मग म्हणाल्या, या घरात अजून एक वसंत बघायचा होता, पण वाट कोण काढणार.

विनीताने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, नाही. मी म्हटलं, माझं वय बघ. मी म्हटलं, खांदा. खांद्याचं खरं आहे हो, दुखतो. ती म्हणाली, "चल डॉक्टरकडे." गेलो नोव्हेनाच्या इस्पितळात. मला वाटलं, सुटलो, डॉक्टर सांगेल जड उचलायचं नाही. विनीताने विचारलं, "डॉक्टर, कॅन ही शव्हल स्नो?" डॉक्टर सिंगापूरचा, जन्मात बर्फ पाहिलेला नाही, त्याला वाटलं बाई विनोद करतायत. हसला, मला टाळी दिली, म्हणाला, "स्नो? कॅन, कॅन. एव्हरी डे ऑल्सो कॅन." फी घेतली आणि वर हे.

मग जाई. मला वाटलं, पोरगी तरी माझ्या बाजूने. घरी आलो तर तिने शेल्टरमधून फावडं काढलेलं, पुसलेलं, दांडा गुंडाळून तयार. "पपा, यू जस्ट गो लाह. आजी'ज हाऊस कॅनॉट क्लोज वन." मी म्हटलं, कॉलेजच्या फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहितेस ना, मराठीत बोल. तर मराठीत म्हणाली, "पपा, आईला वाट काढू द्या ना." मी उठून आणखी एक ताक ओतून घेतलं.

काल विनीताने आजींना विचारलं. आम्ही येतो, जानेवारी ते मार्च, वाट आम्ही काढतो, छप्पर आम्ही बघतो, तुम्ही फक्त खिडकीत बसून दामे म्हणा. मग आजी बोलायला लागल्या, आणि विनीता ऐकता ऐकता हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मी विचारतोय, काय म्हणतात, काय म्हणतात? तिने फोनवर हात ठेवला. "या म्हणतात. वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवते म्हणतात. मार्चपर्यंत घर उघडं ठेवते."

"मग रडतेस काय?"

"एक अट घातली आहे."

आता घ्या. सत्तावीस वर्षं मी समुद्रावर बॉयलर सांभाळले. तीनशे डिग्रीची वाफ या हातांनी काबूत ठेवली. आणि अकरा जानेवारीला मी ते लाल फावडं घेऊन चांगी विमानतळावर उभा असणार. काउंटरवरची पोरगी विचारेल, "हॉलिडे, सर?" मी हो म्हणणार, करतो काय. मॅडम पुढे ढकलणार, मी मागे कडा कापणार, आजी खिडकीतून काठी आपटणार, रोज पहाटे पाचला, तीन महिने. आणि एवढं उपसून घरात आलो की चहासाठीसुद्धा मला दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाकडे बघत बसावं लागणार… कारण आजींची अट एकच आहे, प्रबोध-सानना जरूर आणा, पण त्या घरात त्यांनी पातेल्याला हात लावायचा नाही.