निरोपाची शाल

...न्हाई, तुम्हीच सांगा, सोताच्या निरोप समारंभाचा नारळ सोता आणणारा माणूस पाह्यलाय का कधी? न्हाई ना? मंग पाहून घ्या, हा उभाय! बरं, नुसता नारळ असता तर गप बसलो असतो. शाल मी आणली, हार मी आणला, खुर्च्या मी मांडल्या, माईकवर "हॅलो, हॅलो" मी केलं, अन् घाम पुसत सत्कारमूर्ती म्हणून बसलो बी मीच!

तुम्हाला सांगतो, जालन्यात आमची बियाण्याची कंपनी. तिथं मी, रामप्रसाद, गोदाम अन् गाड्या बघतो. लागलो तवा केस काळे होते, आता मेंदी लावून राह्यलो, पण टेबल तेच! त्याचा एक पाय लंगडा, खाली पुठ्ठा लावलेला, तो पुठ्ठा बी तोच. माझ्या हाताखाली शिकलेले कोणी परभणीला मॅनेजर झाले, कोणी नांदेडला, अन् दरेकाच्या निरोपाची शाल आणायला कोण? रामप्रसाद! आमचे मॅनेजर श्रीपती साहेब लई गोड माणूस, खांद्यावर हात ठेवून म्हणतेत, "रामप्रसाद, तुमच्याबिगर इथं पान हालत न्हाई हो!" आपण खूश. आरं, पण पान हालत न्हाई म्हणून माणसाला झाडालाच बांधून ठेवता काय?

शिवकन्या, म्हणजे आमच्या घरच्या, एक दिवस म्हणल्या, "अहो, पंगतीत मागत न्हाई तो उपाशीच उठतो." लागलं हो मनाला! तेवढ्यात शहागडला हायवेवर आमचा नवा डेपो निघाला. गेलो साहेबांच्या केबिनमधी. म्हणलं, "साहेब, शहागड मला द्या." अन् काय नवल, साहेब म्हणले, "घ्या!"

मंग काय विचारता! शिवकन्यानं मस्तगडात आमच्या अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, घनसावंगीला माहेरी फोन, "दादा, आता हे मॅनेजर झाले, सोताची केबिन हाय!" मी रविवारी गुपचूप शहागडला जाऊन ती केबिन पाहून आल्तो. पंख्याचं बटण दाबून पाह्यलं. खुर्ची गरगर फिरते हो! दार लावून घेतलं अन् फिरलो थोडा. कोणाला सांगू नका.

आता निरोप. साहेब म्हणले, "भाषण लिहून द्या. दरवेळेस तुम्हीच देता." म्हणलं, साहेब, या बारीला निरोप माझाच हाय. "मंग तर सोपंच! तुम्हाला तुमची बराबर माहिती."

बसलो लिहायला. तुम्हाला सांगतो, माणूस मेल्यावर लोकं चांगलं बोलतेत, पण ऐकायला तो नसतो. म्हणलं, आपण जित्तेपणीच ऐकून घ्यावं. सुटला पेन! "रामप्रसाद म्हणजे या कंपनीचा कणा... पेरणीच्या तोंडावर अडलेल्या गाड्या त्यांच्या एका फोनवर सुटतात... ते गेल्यावर गोदामाचं काय होईल, या चिंतेनं मला झोप लागत नाही." झोप! साहेबांना खुर्चीत बी लागते!

अन् नेमके त्या दिवशी, कधी न येणारे मालक, कार्यक्रमाला हजर!

साहेबांनी भाषण काढलं. आधी वाचलेलं न्हाई, तिथंच पहिल्यांदा वाचून राह्यलते. कण्यापाशी आवाज बसला, झोपेपाशी रडलेच! पॅकिंगच्या प्रेमलाबाईंनी पदर लावला डोळ्याला. मी बी रडलो. सोताच लिहिलेलं, तरी रडलो! मालकांनी चष्मा पुसला अन् म्हणले, "श्रीपती, इतका कामाचा माणूस शहागडला? अन् तो बी हंगामाच्या तोंडावर? बिलकुल न्हाई! तिकडं असा पाठवा, ज्याच्यावाचून इथं काही अडत न्हाई."

टाळ्या! सगळ्यांच्या टाळ्या! सवयीनं मी बी वाजवल्या.

आता कोणावाचून अडत न्हाई? आमच्या गोदामातला हरिओम! पोत्यावर झोपतो, उठवलं की "हंगाम संपला का?" म्हणतो. तो गेला शहागडला. त्या फिरत्या खुर्चीत तो झोपून राह्यलाय आता!

घरी येऊन सांगितलं. शिवकन्या भांडली असती तर बरं झालं असतं हो. उरलेले पेढे मुकाट्यानं माझ्या ताटात वाढले. लई वाईट वाटलं... सोतासाठी न्हाई, तिनं माहेरी फोन केल्ता ना, त्याच्यासाठी.

अन् हरिओमच्या निरोपाला साहेब काय म्हणले? "रामप्रसाद, नवी शाल कशाला? ती तुमची हाय की. तुमचा निरोप तर झालाच न्हाई!" घडी करून आणली घरून. काय करता?

पण आता म्हणलं बास! बीडला जागा निघाली, तवा मीच आधी भाषण लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "रामप्रसाद हा कुचकामी माणूस आहे. त्याच्यामुळे गाड्या अडतात. तो गेला तर कंपनी सुटली." घ्या! आता ठेवा म्हणलं बांधून!

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरले त्यांचे. उठले, खांद्यावर हात ठेवला... "इतका मोठा माणूस, अन् सोताबद्दल केवढं कमी बोलतो! न्हाई हो रामप्रसाद, तुमच्याबिगर इथं..."

जाऊ द्या. बीडला कोण चाललंय माहीत न्हाई, पण चला, खुर्च्या मांडायच्यात.