तोताराम नानांची पेटी

—नाही नाना, वायर बदलून काही होणार नाही, टीव्हीची ही सेट-टॉप पेटी पिशवीत ठेवा. पारोळ्याहून एसटीनं धुळ्याच्या या केबल ऑफिसापर्यंत उगाच आणलीत. पेटी चांगली आहे — आणि तुम्ही तर गावचे जुने केबलवाले, तुम्हाला काय समजवायचं. तरी सांगते. तुमच्या अ‍ॅनालॉगच्या काळात खांबावरून सिग्नल उघडाच जायचा, कुणीही वायर जोडली की चित्र. कमजोर पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमागं माणूस दिसायचा. आता डिजिटल — सगळं कुलूपबंद निघतं, इथून ज्या पेटीच्या नंबराला परवानगी जाते तिथंच उघडतं. एक तर लख्ख, नाही तर काळं. मधलं काही नाही.

सहा वाजता नातवाची कुस्ती दाखवणार आहेत, लोकल चॅनलवर — माहीत आहे मला. म्हणून तर आज— म्हणजे, आजच नेमकी बंद पडली, असं म्हणते मी.

नंबर वाचू नका. शेवटी चार-शून्य-सात, पाठ आहे. कसा पाठ? तुमच्याकडे केबलच्या कामाला होते त्या रहीम लाइनमनची मुलगी मी, मिसबाह. आठवलं? मी दुसरीत होते. डाळमिलमध्ये चोरून जोडलेली केबलची वायर सापडली आणि भर बाजारात तुम्ही अब्बांकडे बोट केलंत — हाऊ चोर शे. वायर जोडली कुणी होती? तुम्ही. मिल कुणाची? तुमच्या जावयाची. त्या दिवसापासून अब्बा खांबावर चढले नाहीत. आणि माणूस कसा — कुणाचीही लाइन तोडायची तर आधी दार वाजवणार, सांगणार, भाऊ, तोडतोय. न सांगता तोडणारा तो खरा चोर, म्हणायचे.

हो, मीच बंद केली. सकाळी, एक बटण — शिडी नाही, पक्कड नाही. हा अर्ज घ्या, पेटी सुरू करण्याचा. कारणाच्या रकान्यात लिहा — रहीम चोर नव्हता, वायर मी जोडली. खाली सही. आत्ता लिहिलंत तर चारची बस मिळेल.

लिहा ना. हात का थांबला? फोन कशाला काढताय — साहेबांना लावा, खुशाल लावा, नोकरी जाईल, जाऊ दे. काय म्हणालात? रहीमला? तो नंबर अजून आहे तुमच्याकडे? — नाना, ठेवा तो फोन. मला काय बोलायचं ते बोला, पण त्यांना नका सांगू की मी दार न वाजवता—

हॅलो. अब्बा.