भिंतीकडची कण्हेर

वहिनी : आधी वास घ्या, भावजी. मग तोंड उघडा.

दीर : बाटलीत काय आहे? पाणी तर दिसतंय.

वहिनी : पाणीच आहे. भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या विहिरीचं. सकाळी दोन बायका फाटकाशी घेऊन आल्या. मुलांच्या अंगावर पुरळ उठलंय म्हणाल्या. घ्या वास.

दीर : थिनरचा आहे.

वहिनी : रंगाच्या कारखान्यात जन्म गेला तुमचा, तुम्हाला नाही कळणार तर कोणाला? आता सांगा, तुमच्या खात्यात टाक्या धुतलेला मळका थिनर जातो कुठे?

दीर : तुमच्याकडेच की. पिंपं भरून तुमच्या कचऱ्याच्या आवारात.

वहिनी : यायची पूर्वी. रांग लागायची. हल्ली एखाददुसरं पिंप येतं, तेही अर्धमुर्धं. रंग तेवढाच बनतोय, मग घाण कमी कशी झाली? वर साहेबांनी सगळ्यांसमोर तुमची पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या, पण तेव्हाच मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

दीर : म्हणजे मी गटारात ओततो, असंच ना? सरळ म्हणा की.

वहिनी : म्हणतेच आहे.

दीर : छान. एका घरात राहायचं, तुमच्या हातचं जेवायचं आणि इथे येऊन चोर ठरायचं.

वहिनी : घरचं घरी. इथे आवार माझ्या ताब्यात आहे. उद्या कोणी आलं तर मान माझी पकडणार. उत्तर द्या.

दीर : उत्तर काय द्यायचं त्यात? घरी कपडे कसे भिजवता? पांढरे आधी, मग रंगीत, काळी पँट सगळ्यात शेवटी. आम्ही इतकी वर्षं नेमकं उलटं करत होतो. सकाळी काळा रंग, दुपारी त्याच टाकीत पांढरा. मग काय, टाकी घासून घासून पोरांचा जीव जायचा आणि थिनर धो धो वाया. आता पांढरा आधी, मग पिवळा, मग तांबडा, काळा शेवटी. मधे धुवायचं कामच नाही. काळ्यानंतर एकदाच धुतो आणि तो थिनर पुढच्या काळ्यात मिसळतो.

वहिनी : ऐकायला बरं वाटतं. दाखवा.

(दोघं रंगखात्यात जातात. भिंतीशी घट्ट झाकणांची पिंपं, प्रत्येकावर रंगाचा एकेक ठिपका.)

दीर : हे काळ्याचं. उघडा झाकण. हवं तर हात घालून बघा.

वहिनी : हात नको. दिसतंय मला. आहे खरा इथे.

दीर : झालं समाधान?

वहिनी : अर्धं झालं. सुट्टीच्या दिवशी मागच्या भिंतीशी काय करत होतात? हातात सळई होती म्हणे. वॉचमननं पाहिलंय.

दीर : तो एक चहाडखोर. जाऊ द्या ना, वहिनी.

वहिनी : जाऊ कसं देणार?

दीर : मग ऐका. तुमच्यावरच संशय होता माझा. कचरा नेणारी गाडी वेळेवर येत नाही, आवार तुंबतं, मागच्या दाराची किल्ली तुमच्या कमरेला. आणि तिकडून गेले कित्येक दिवस वास येतोय. म्हटलं, कंटाळून सोडत असतील गटारात.

वहिनी : शाबास. तुमचा डोळा माझ्यावर, माझा तुमच्यावर, आणि घरी दोघंही शेजारी बसून गुमान जेवतोय.

दीर : साहेबांच्या कानावर घालणार नव्हतो. मला आपली खात्री करायची होती.

वहिनी : मग? झाली खात्री?

दीर : गटार कोरडं ठणठणीत आहे. वास येतो तो कोपऱ्यातल्या जमिनीचा. त्या कण्हेरी आहेत ना, तिथला. सळई खुपसली, थोडी आत गेली आणि टण्ण वाजली. उपसली तर टोकाला काळं, चिकट.

वहिनी : पिंप आहे खाली.

दीर : एक असतं तर बरं होतं. मी सरकत सरकत गेलो. जिथे खुपसावी तिथे टण्ण.

वहिनी : ती कण्हेर ह्यांनी लावलीय.

दीर : मी काही म्हटलं का?

वहिनी : मनात आहे ते बोला. माझ्याआधी आवार ह्यांच्याकडेच होतं.

दीर : दादाच्या काळात आवार कसं लख्ख असायचं. आम्ही पिंपांमागून पिंपं पाठवायचो आणि गाडी मात्र क्वचित दिसायची. साहेब खूश. मला तर वाटायचं, आपला भाऊ म्हणजे जादूगार. फक्त त्या कोपऱ्याकडे फिरकू द्यायचा नाही. झाडं तुडवशील म्हणायचा.

वहिनी : दम्यानं काम सुटलं, तेव्हा किल्ली माझ्या हातात देताना एकच गोष्ट बजावली होती. कण्हेर वाळली तर त्याच खड्ड्यात दुसरी लाव, खोल खणू नकोस. वाळली हो, भावजी. दोनदा वाळली. दोन्ही वेळा मी वरवर माती उकरून नवीन लावली.

दीर : वहिनी, माझं ऐका. नवीन काही तिथे पडत नाहीये. वरून दोन गाड्या माती ओतू आणि गप्प बसू. दादाला आता खुर्चीतून उठवत नाही. या वयात त्याच्या नावाला बट्टा लावून काय मिळणार?

वहिनी : खालची पिंपं गंजायची थांबणार आहेत का वरून माती ओतून? विहीर त्याच जमिनीत आहे.

दीर : त्या बायकांना काय सांगून बसलात तुम्ही?

वहिनी : शब्द दिलाय. ज्यानं केलं असेल त्याचं नाव साहेबांना सांगेन आणि घाण उपसून घेईन. घरचा माणूस असला तरी. असंच म्हटलं मी. तेव्हा डोळ्यांपुढे तुम्ही होतात, म्हणून पटकन बोलून गेले.

दीर : वा. म्हणजे मी असतो तर चाललं असतं.

वहिनी : रडले असते. पण सांगितलं असतं.

दीर : आणि आता?

वहिनी : आता वस्तीत निरोप धाडा, त्या विहिरीचं पाणी कोणी काढू नका म्हणावं. साहेबांकडे मी जाते. जाणती माणसं बोलवून उकरावं लागेल, आपल्या फावड्याचं काम नाही ते.

दीर : निदान आधी दादाशी बोला. आज घरी गेल्यावर. विषय कसा काढणार, ते तुमचं तुम्ही बघा.

वहिनी : मला नाही काढावा लागणार. मी दारात पाऊल ठेवलं की ते रोज विचारतात, कण्हेर कशी आहे. आणि मी तुमच्या बायकोला कौतुकानं सांगायचे, बघ गं, किती जीव आहे ह्यांचा त्या झाडांवर.