धुऱ्यापुरतंच तांबं

आमच्या पाथरीच्या सुरेखाताई पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरचे सर्किट बोर्ड घरीच बनवतात, हे तुला सांगितलं का? माझा बोर्ड जळला, ऊस वाळायला लागला, म्हणून शाळेतलं शिकवणं उरकून त्यांच्याकडं पळालो. दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड हातात आला. बघतो तर सगळा तांब्यानं भरलेला! जुन्यावर तांब्याच्या पट्ट्या तेवढ्या होत्या, बाकी कोरं. इथं तांबं जसंच्या तसं, मधून नुसत्या बारीक रेघा कोरलेल्या.

मी तापलोच. "ताई, काम अर्धंच केलंय तुमी!"

त्या म्हणाल्या, "सर, जास्तीचं तांबं तेजाबात, म्हंजी ॲसिडात, विरघळवून काढावं लागतं. ते हिरवं पाणी मग नालीत, नालीतून तुमच्याच रानात. म्हणून मी लागतं तेवढंच काढते."

"अहो, पण सगळं एकमेकाला चिकटलंय की!"

"मधी रेघ हाय ना? तुमच्या दोघा भावांची वाटणी झाली, तवा मधी धुऱ्याचा बांध घातला का सगळं रान खरवडून फेकलं?"

रानात जाऊन बोर्ड बसवला, तर पहिल्याच बटनाला पाणी! तेवढ्यात धुऱ्यापलीकडून भाऊ आला. वाटणीपासून अबोला होता आमचा.

म्हणाला, "माझाबी बोर्ड जळलाय. कुणाकडून आणलास?"