चालकाचं नाव

विनीता : मी म्हणते भरून टाक. माझ्याकडे शंभराची नोट आहे, ती घे आणि विषय संपव. निमिषचा फोन यायच्या आत.

निहारिका : आई, ती नोट तुमच्याकडेच असू दे. आणि जरा हळू बोला, मैथिली आत्ता कुठे झोपलीय. मी पैसे भरणार नाही.

विनीता : अगं, सरकारी कागद आहे तो! तेहतीस वर्षं तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळलंय मी. कागद ओळखते. वर चौकटी, मध्ये गाडीचा नंबर, खाली मुदत.

निहारिका : फसलात ना? तसं वाटावं म्हणूनच तसा छापलाय. सरकारचा नाही, पोलिसांचा नाही, काउन्सिलचासुद्धा नाही. हॉस्पिटलसमोरचं पार्किंग ज्या खाजगी कंपनीनं चालवायला घेतलंय ना, तिचा आहे. ‘दंड’ हा शब्द सापडतो का बघा त्यात.

विनीता : मग तुझ्या नावानं कसा आला? तू तर मागच्या सीटवर आडवी होतीस.

निहारिका : गाडी माझ्या नावावर रजिस्टर आहे म्हणून. तपासणीला जायचे तेव्हा त्यांच्या ॲपमध्ये मीच गाडीचा नंबर, घरचा पत्ता, ईमेल, सगळं भरलं होतं. आता म्हणतात, अकरा ऑगस्टला तुमच्या गाडीत तिकीट दिसलं नाही. अठ्ठ्याऐंशी डॉलर भरा, नाहीतर त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव-पत्ता कळवा.

विनीता : अकरा ऑगस्टला आपल्याकडे काय काय घडलं, आणि ह्या मेल्यांना दिसलं काय, तर तिकीट.

निहारिका : न दिसलेलं तिकीट! मला तर ते काढताना स्पष्ट दिसत होतं. मी बोनेट धरून उभी, कळ आलेली, आणि तुम्ही मशीनपाशी.

विनीता : मग काय बिनतिकिटाची ठेवू गाडी? ते मशीन रोख घेईना. कोविडमुळे फक्त कार्ड. तुझ्या पर्समधून कार्ड शोधेपर्यंत वेळ गेला थोडा.

निहारिका : थोडा! मी ओरडतेय, आई चला, चला! आणि तुम्ही तिथूनच मला, "दोन तासांचं की पूर्ण दिवसाचं?"

विनीता : विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पूर्ण दिवसाचं काढते म्हणून. पहिलटकरीण तू, दोन तासांत काय होतंय? उजाडल्यापासून कळा देत होतीस, झाली की नाही संध्याकाळी सव्वापाचला?

निहारिका : झाली. मग ते तिकीट डॅशबोर्डवर ठेवलंत ना?

विनीता : ठेवलं की.

निहारिका : आई?

विनीता : गणपतीखाली ठेवलं.

निहारिका : खाली म्हणजे?

विनीता : चार घड्या घालून, पायाशी. अगं, माझ्या हातून कुठला महत्त्वाचा कागद देवापुढे ठेवल्याशिवाय पुढे जात नाही. निमिषचं दहावीचं हॉल तिकीट, यांचे पेन्शनचे कागद, तुमचे व्हिसा. हाताला सवयच आहे ती. म्हटलं, बाबा रे, मी हिला घेऊन आत चाललेय, बाहेरचं तू बघ.

निहारिका : आणि त्यानं इतकं नीट सांभाळलं की पार्किंगवाल्याच्या नजरेलासुद्धा पडू दिलं नाही!

विनीता : हस. हस तू. तीन आठवड्यांची बाळंतीण आहेस, टाके दुखतील.

निहारिका : आता कुठेय ते?

विनीता : देव्हाऱ्यात. बारशाला हळदकुंकू वाहिलं त्याला.

निहारिका : म्हणजे तारीख, वेळ, पैसे भरल्याचा आकडा, सगळं शाबूत आहे! आई, तुम्ही पण ना. आणि तुम्ही पैसे भरायला निघाला होतात!

विनीता : पुरावा असून उपयोग काय? उत्तर लिहायचं तर नाव लिहावं लागणार. नाव लिहिलं की निमिषला कळणार.

निहारिका : नाही लिहावं लागत. सकाळी मैथिलीला पाजताना मी त्या मोफत कायदा सल्ल्याच्या फोनवर पाऊण तास धरून बसले होते. ती बाई म्हणाली, हे कंपनीचं मागणं आहे, गाडी उभी करणाऱ्याशी झालेल्या व्यवहाराचं. गाडी तुझ्या नावावर आहे एवढ्यावरून ते तुझ्यावर येत नाही, आणि कोण चालवत होतं हे कंपनीला सांगायची तुझ्यावर सक्ती नाही. काय ते लेखी कळव, तिकिटाचा फोटो जोड, म्हणाली.

विनीता : असं म्हणाली? मग लिही तसंच. आणि निमिषला आपलं ठरलंय तेच. शेजारच्या संजीवनं पोचवलं.

निहारिका : ते मला पहिल्यापासून पटलेलं नाही. बिचारा संजीव त्या दिवशी कोविड टेस्टच्या रिझल्टची वाट बघत शेजारी कोंडून बसला होता. खिडकीतून हात हलवला, एवढंच. आणि निमिषनं मेलबर्नहून त्याला केवढा मोठा हॅम्पर पाठवला!

विनीता : त्यानं खाल्ला ना मुकाट्यानं? मग झालं तर.

निहारिका : पण का लपवायचं, आई?

विनीता : का ते तुला माहीत आहे. मार्चमध्ये निमिषनं गल्लीत एकदा स्टिअरिंग हातात दिलं आणि मी समोरच्यांचा लाल झाकणाचा कचऱ्याचा बिन आडवा केला. त्यानं गाडी बंद केली आणि म्हणाला, "आई, इथे गाडीला हात लावायचा नाही. शब्द दे." मी दिला. विमानं बंद, परत जायची सोय नाही, मुलाच्या घरात राहायचं, त्याचाच शब्द मोडायचा?

(फोन वाजतो. निहारिका स्पीकरवर घेते.)

निमिष : निहा! मैथिली काय करतेय? झोपली? ओके, ओके, हळू बोलतो. अगं, आपल्या जॉइंट ईमेलवर पार्किंगची एक नोटीस आलीय, बघितलीस? एटी-एट डॉलर्स! अकरा ऑगस्टची.

निहारिका : बघितली. मी बघतेय काय करायचं ते.

निमिष : तू कशाला बघतेस? संजीवला फॉरवर्ड कर ना. आपली गाडी घेऊन गेला, तिकीट काढायला नको? म्हणजे, मदत केली, सगळं मान्य. पण एवढं साधं काम! त्याचं नाव टाकून दे ड्रायव्हर म्हणून. नो वरीज.

निहारिका : निमिष, संजीवचं नाव नाही टाकायचं.

निमिष : का? चालवत तोच होता ना? सॉरी, पण मला रागच आलाय. राज्याची बॉर्डर बंद, मी इथे अलीकडे अडकलेला, माझ्या मुलीचं तोंड स्क्रीनवर बघितलं मी, आणि ह्याला साधं तिकीट…

विनीता : संजीवला काही बोलू नकोस.

निमिष : आई, तू मध्ये नको ना पडूस. तुला इथले नियम…

विनीता : तिकीट काढलं होतं. पूर्ण दिवसाचं. मी काढलं होतं.

निमिष : तू? बरं, तू काढलंस. पण गाडी तर…

विनीता : गाडीपण मीच चालवली.

निमिष : काय?

विनीता : हिच्या कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलनं फोनवर सांगितलं, तुमच्या गाडीनं या. संजीव कोंडलेला, टॅक्सी मिळेना. मी किल्ली घेतली. तुझा शब्द मोडला, निमिष. माझी चूक लपवायला दुसऱ्या भल्या माणसाला बोल लागलेला मला चालायचा नाही.

निमिष : घरापासून, स्कोफिल्ड्सहून? आई, मध्ये सगळे राउंडअबाउट आहेत!

निहारिका : सात. मी मोजले. प्रत्येकाच्या अलीकडे आई मला म्हणायच्या, "थांब गं जरा, राउंडअबाउट आलाय." जसं काही कळ माझ्या हातात होती!

विनीता : मला दोन गोष्टी एकदम जमत नाहीत.

निहारिका : शाळेची वेळ, म्हणजे चाळीसची मर्यादा, तर काटा त्याच्या वर नाही. मागून एका युटवाल्यानं, त्या उघड्या टपाच्या गाडीवाल्यानं, हॉर्न मारला. आईंनी काच खाली केली, मास्क वर केला आणि त्याला मराठीत सांगितलं, "बाई बाळंत होतेय, दम धर." आणि निमिष, तो थांबला! मागे मागे हळू आला शेवटपर्यंत.

निमिष : आणि मला कोणी सांगितलं नाही.

निहारिका : आत एकाच माणसाला परवानगी होती. तू तिकडे. मग त्याच उभ्या राहिल्या माझ्याजवळ, आठ तास. चहासुद्धा प्यायल्या नाहीत, मास्क काढावा लागेल म्हणून. मी रोज तुला सांगायला जायचे आणि ह्या डोळे वटारायच्या. मला गप्प बसायला त्रास झालाय, माहितीये? मला गल्लीत सगळ्यांना सांगायचं होतं, माझ्या सासूनं नेलं मला म्हणून.

विनीता : पुरे. डाळ लागेल खाली.

निमिष : आई, तू खरंच… थांब, मला बसू दे.

विनीता : पाणी पी.

निमिष : मी संजीवला दोनदा फोन करून थँक्यू म्हटलं. दोनदा! तो म्हणे, "अरे, मी काहीच केलं नाही." मला वाटलं काय ग्रेट माणूस आहे.

निहारिका : खरं बोलत होता तो.

निमिष : ओके. ओके. मग आता ऐका. नाव कुणाचंच द्यायचं नाही. निहा रजिस्टर्ड ओनर आहे, तिनं फक्त तिकिटाची कॉपी पाठवायची. आईचं नाव कशालाही जोडायचं नाही. व्हिजिटर व्हिसा आहे, एक्स्टेन्शन चालू आहे, उगाच कशाला?

निहारिका : मीही तेच म्हणतेय. तशी सक्तीच नाहीये, आई.

विनीता : झालं दोघांचं? आता मी बोलू?

निमिष : बोल.

विनीता : यांनी मला लायसन्स काढून दिलं त्र्याण्णव साली. गाडी कधी दिली नाही. "अगं, मी आहे ना," म्हणायचे. त्यांच्यानंतर तू म्हणायला लागलास. सत्तावीस वर्षं ते लायसन्स मी नेमानं नवं करून घेतेय आणि कपाटात ठेवतेय. मी गाडी चालवली असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी लेखी विचारतंय, गाडी कोण चालवत होतं? आणि तुम्ही दोघं म्हणता, उत्तर देऊ नका.

निहारिका : आई…

विनीता : मी कचेरीत एक कागद बिनउत्तराचा ठेवला नाही. हा तर माझ्याबद्दलचा आहे. घे लिहायला.

निमिष : आणि ते तुझ्या मागे लागले तर?

विनीता : लागू देत. पूर्ण दिवसाचं आहे माझ्याकडे. निहारिका, लिही. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की…"

निहारिका : ‘उपरोक्त’ला इंग्रजीत काय लिहू?

विनीता : ते तुझं तू बघ, डॉक्टरेट तुझी आहे. "सदर दिवशी सदर वाहन मी, विनीता, स्वतः चालवीत होते. तिकीट रीतसर घेतले होते. ते देवाच्या पायाशी ठेवल्याने आपल्या कर्मचाऱ्यास दिसले नाही, ही माझी चूक मान्य आहे. पैसे न भरल्याचा आरोप मान्य नाही. तिकिटाची प्रत सोबत जोडली आहे."

निमिष : "देवाच्या पायाशी" खरंच लिहिणार?

विनीता : खरं तेच लिहायचं. त्यांना काय कळायचं ते कळेल. वाचून दाखव.

निहारिका : "On that day I, Vinita, was driving the vehicle myself."

विनीता : "मायसेल्फ" आलं ना त्यात? मग बरोबर आहे. खाली सही मी करते. तू गाडीची मालकीण म्हणून वेगळी कर.

निमिष : निहा, त्यावर चुकीची डेट नको टाकूस घाईत, नीट बघ.

निहारिका : तीन वेळा बघितलंय. डॉक्टरेट माझी आहे.

निमिष : आई.

विनीता : आता काय?

निमिष : मी तुला मार्चमध्ये नीट शिकवलं नाही. एक बिन पडला आणि मी किल्ली घेतली. माझा पहिल्या आठवड्यात आरसा फुटला होता इथे. सांगितलं नव्हतं कुणाला.

निहारिका : मलासुद्धा नाही?

निमिष : तुला तर मुळीच नाही.

विनीता : बरं. जेवलास का?

निमिष : जेवतो. ऐक ना. बॉर्डर उघडली की मी पहिल्या विमानानं येतोय. टॅक्सीची कटकट असेल, संजीवला सांगायला नको वाटतं आता. तू… तू येशील का घ्यायला एअरपोर्टवर?

विनीता : येईन. पण सकाळचं विमान घेऊ नकोस. सकाळी बाळाची अंघोळ असते.