जहाज डिसेंबरातच येतं

स्वराली : बाबा, आज अवधूतचा फोन आला की मी सांगणार.

गोपाळकृष्ण : अवश्य सांग. मग तो रिक्षा करून येईल ना शनिवार पेठेत?

स्वराली : येऊ शकत नाही, माहितीये मला.

गोपाळकृष्ण : माहितीये, तरी सांगायचंय. अगं, अंटार्क्टिकात आहे तो. त्यांचं केंद्र खडकावर, तिथून समुद्रापर्यंत शंभर किलोमीटर नुसता बर्फ. पुढे समुद्रही गोठलेला. जहाज डिसेंबरात. आत्ता जून चाललाय, सूर्यसुद्धा उगवत नाही तिथे. अशा काळोखात पोराला कळवायचं, तुझी आई गेली म्हणून?

स्वराली : मागच्या रविवारी त्यानं आईंना फोन द्या म्हटलं, तुम्ही म्हणालात कीर्तनाला गेलीय. मी आत जाऊन रडले. परवा दहावा झाला. आज काय सांगणार?

गोपाळकृष्ण : भिशीला गेलीय म्हणेन.

स्वराली : डिसेंबरपर्यंत? हिंजवडीत माझं अख्खं ऑफिस मला धीर देतंय आणि माझ्या नवऱ्यालाच पत्ता नाही! मी तिथल्या डॉक्टरांना मेल केलाय. फोनच्या वेळी ते त्याच्याजवळ बसणार आहेत.

गोपाळकृष्ण : मला न विचारता?

स्वराली : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

(फोन वाजतो. गोपाळकृष्ण स्पीकरचं बटण दाबतात.)

अवधूत : बाबा, येतंय ऐकू?

गोपाळकृष्ण : येतंय. कसा आहेस?

अवधूत : बरा. हिमवादळ होतं, दोर धरून जनरेटरपर्यंत जात होतो. आज थांबलंय. आत्ता इथे दुपार आहे, उत्तरेला जराशी लाली दिसतेय. तेवढाच उजेड. आई कुठेय?

गोपाळकृष्ण : ती... भिशीला गेलीय.

अवधूत : आजही नाही?

गोपाळकृष्ण : बायकांचं काय, बसल्या की बसल्या.

अवधूत : बाबा, इथून मला काही येऊन बघता येत नाही. तुम्ही सांगाल तेच खरं धरून मी झोपतो.

गोपाळकृष्ण : अवधूत...

अवधूत : हं.

गोपाळकृष्ण : भिशीला नाही रे. गेली ती. झोपेतच. त्रास काही झाला नाही तिला.

स्वराली : अवधूत, मी इथेच आहे. ऐकतोयस ना?

अवधूत : कधी?

गोपाळकृष्ण : मागच्या रविवारच्या आधीच. हिला मीच अडवलं. हिच्यावर रागावू नकोस.

अवधूत : तरीच डॉक्टर मघापासून शेजारी बसलेत. न मागता चहा आणून दिला.

स्वराली : रड तू. आम्ही आहोत लाइनवर.

अवधूत : मला काहीच करता आलं नाही, बाबा. साधं पाणीसुद्धा सोडता आलं नाही.

गोपाळकृष्ण : मी सोडलं, ओंकारेश्वराच्या घाटावर. गुरुजी म्हणाले, दक्षिणेकडे तोंड करून बसा.

अवधूत : दक्षिणेकडे?

गोपाळकृष्ण : पितरांची दिशा ना ती. बसलो. मंत्र तिच्या नावानं चालले होते आणि मला सारखा तूच दिसत होतास. मधे एवढा समुद्र, आणि पलीकडे तू.

अवधूत : बाबा, मी जरा बाहेर जाऊन येतो. उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो थोडा वेळ. डॉक्टर येतायत बरोबर.

गोपाळकृष्ण : जा. कान बांध नीट.