उजवा इंडिकेटर

(मध्य जावा. हमरस्त्यालगत हर्तोनोचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दारात जुमेरीचा मालट्रक. त्यात बसून आलेली सुतीना नुकतीच खाली उतरली आहे. अपघातात गेलेल्या दानांगची ती आई. इथे पुरुषाला आदरानं 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.)

सुतीना : शपथा पुरे झाल्या, पाक जुमेरी. मला दाखवा.

जुमेरी : अहो बू, वळणावर समोरून बस आली, तसा मी उजवा इंडिकेटर दिला. ट्रकनं उजवा दिला म्हणजे 'थांब, पुढे घुसू नकोस', हे या रस्त्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. तरी मागचा दानांग मोटारसायकल घेऊन पुढे गेला आणि बसखाली आला. माझ्या ट्रकला तर ओरखडाही नाही.

सुतीना : हेच तुम्ही गावभर सांगितलंत. मशिदीच्या ओट्यावर लोक त्याला आडदांड म्हणतात. आता त्याच्या बापालाही तसंच वाटतं. तो कबरीवर जात नाही.

हर्तोनो : पाक, तुम्ही वर चढा. चावी फिरवा, उजवा लावा. बू, तुम्ही मागे या. त्याची मोटारसायकल असेल तिथे उभ्या राहा.

जुमेरी : लावला! हा बघ, स्टिअरिंगसमोरचा बाण कसा टिकटिकतोय. त्या दिवशीही अस्साच होता. दिसतोय ना, बू?

सुतीना : नाही.

जुमेरी : ऊन आहे. हाताचा आडोसा धरा.

सुतीना : धरलाय. काही नाही. डावा लावा बघू.

जुमेरी : हा लावला.

सुतीना : हा दिसतो. आता परत उजवा.

जुमेरी : लावलाय की, बू! लावलाय!

सुतीना : इथे काही पेटत नाही.

हर्तोनो : उतरा, पाक. या, मागचं झाकण काढलंय. हा रेझिस्टर कुणी जोडला?

जुमेरी : मीच. मागे झगमग हवी म्हणून एलईडी घातले, तर इंडिकेटर पिसाळल्यासारखे भराभर लुकलुकायला लागले. बाजारात कुणी म्हणालं, रेझिस्टर जोड, ताळ्यावर येतील. आले.

हर्तोनो : येणारच. एलईडी वीज खातो चिमूटभर. लुकलुक चालवणाऱ्या रिलेला वाटतं बल्ब गेला, म्हणून तो घाई करतो. रेझिस्टर बल्बाच्या वाटची उरलेली वीज खातो, आणि तापतो. तो पत्र्यावर ठोकायचा असतो. तुम्ही दिव्याच्या तारेलाच टेपनं गुंडाळलात! तार वितळून तुटलीय, टोकं हिरवी पडलीत, म्हणजे अपघाताआधीचंच हे.

जुमेरी : मग टिकटिक कशी चालू?

हर्तोनो : रेझिस्टर खातोय ना अजून. दिवा मेल्याचं रिलेला कळतच नाही. ती घाईची लुकलुक बोंब मारायला होती, पाक. तुम्ही तिचं तोंड दाबलंत.

सुतीना : उजव्याच्या आधी 'जा' म्हणून डावा दिला होता?

जुमेरी : दिला होता. तो बराच वेळ मागे होता. रस्ता मोकळा दिसला, म्हटलं, जा बाबा पुढे. मग बस दिसली.

सुतीना : म्हणजे 'जा' तेवढं त्याला कळलं. 'थांब' कळलंच नाही.

जुमेरी : बू, मला माफी मागायलाही तोंड नाही. त्यानं का ऐकलं नाही म्हणून मी रोज त्याच्यावरच चिडत होतो. मेलेल्या पोरावर!

सुतीना : मीही चिडले होते. आई असून.

हर्तोनो : मी तार बदलून देतो.

सुतीना : आज नको. उद्या त्याच्या चाळिसाव्या दिवसाची दुआ आहे, सगळा गाव येईल. ट्रक असाच आमच्या दारात आणा.

हर्तोनो : असा रस्त्यावर सोडायचा नाही मी. मागून मोटारसायकलवर येईन, कुणाला पुढे जाऊ देणार नाही.

जुमेरी : सगळ्यांसमोर, बू?

सुतीना : आधीचंही सगळ्यांसमोरच सांगितलंत.

जुमेरी : आणतो. पण त्याच्या बापाला काय म्हणू? माझी जीभच उचलायची नाही.

सुतीना : फार बोलू नका. पोरगं ऐकणारं होतं, एवढं म्हणा.